टकटक करणारी जीप आणि धामणखेडची विहीर

वर्ध्याहून परतल्यापासून भेटेल तो एकच विचारतो, आश्रम पाहिला का? पाहिला. पवनारच्या पुलावरून, चालत्या जीपमधून. मे महिन्यात धाम नदीत पाण्यापेक्षा खडक जास्त होते आणि त्या खडकांवर कुणाची तरी लुगडी वाळत होती. एवढंच पाहिलं. मी तिकडे आश्रम पाहायला गेलेच नव्हते, विहिरी पाहायला गेले होते. ज्यांना शांती वगैरे हवी असेल त्यांनी दुसऱ्या कुणाचं लेखन वाचावं.

आणीबाणी उठून तीन वर्षं झाली होती. गावच्या विहिरीवर कोण पाणी भरतं आणि कुणाला दोराला हात लावू देत नाहीत, हे गावोगाव जाऊन डोळ्यांनी पाहायचं आणि जिथे अडवणूक दिसेल त्या गावाचं नाव घालून पत्रक काढायचं, अशी आमच्या कार्यकर्त्यांच्या गटाची मोहीम होती. वर्धा जिल्हा माझ्याकडे आला, कारण मे महिन्यात तिकडे जायला दुसरं कुणी तयार नव्हतं. सांगलीहून मी एकटी निघाले. पत्रकं लिहून लिहून मला एक सवय लागली आहे. कुणी काही चांगलं केलं, की त्यात त्याचा काय फायदा, हे मी आधी शोधते. या सवयीचा मला अभिमान होता, हे इथेच सांगून टाकते.

वर्धा

स्टेशनवर मला घ्यायला गटाच्या ओळखीच्या विमलबाई आल्या होत्या. त्या वर्ध्यातल्याच, शाळेत शिक्षिका, पन्नाशी उलटलेल्या, आवाज वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. त्यांच्यामागे एक जीप उभी होती आणि जीपला टेकून गजानन ड्रायव्हर खर्रा चघळत होता. खर्रा म्हणजे सुपारी आणि तंबाखू प्लास्टिकच्या कागदात घोटून केलेला प्रकार. आमच्याकडे माणसं पान खाऊन निदान कोपरा शोधतात. गजानन जागेवरूनच मान बाहेर काढून थुंकायचा.

"जीप कुणाची?" मी विचारलं.

"एका हितचिंतकांची," विमलबाई म्हणाल्या.

"हितचिंतक जीप का देतो? त्याला काय हवंय?"

"त्याला जीप गोठ्यातून बाहेर हवी होती, बाई. बसा आता."

जीप जुनी, लष्कराच्या लिलावातली. गजाननने किल्ली फिरवली आणि बॉनेटखालून आवाज सुरू झाला. टक् टक् टक् टक्, शिवणयंत्रासारखा. मी म्हटलं, हे काय? गजानन म्हणाला, "काई नाई ताई, म्हातारी हाये, सकाळी सकाळी कुरकुर करते. गरम झाली का चूप बसते."

मला हे उत्तर पटलं नाही. मी हट्ट धरून जीप आधी बसस्टँडजवळच्या एका मेकॅनिककडे नेली. त्याने इंजिन बराच वेळ चालू ठेवलं, झाकण काढलं, पाना लावला, "झडपांचे टॅपेट ढिले होते, कसून दिले," म्हणाला. आवाज खरंच थांबला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ली फिरवली तर टक् टक् टक् पुन्हा हजर. लबाड मेकॅनिक, मी वहीत लिहिलं. शहराचं नाव, चौकाचं नाव, सगळं लिहिलं.

पवनारच्या पुढे

वर्ध्याच्या उन्हाबद्दल लोकांनी सांगितलं होतं, पण वाऱ्याबद्दल कुणी सांगितलं नव्हतं. सांगलीला मे महिन्यात वारा आला की माणसं अंगणात येतात. इथे वारा आला की दारं लावून घेतात. नऊ वाजताच तो भट्टीच्या तोंडातून आल्यासारखा यायला लागला. रस्त्यात लोकांनी डोक्याला, कानांना दुपट्टे गुंडाळलेले. विमलबाईंनी जीपचे कापडी पडदे खाली सोडायला लावले आणि बटणं लावून घेतली. त्या पुढे गजाननच्या शेजारी आणि मी मागे पत्रकांच्या गठ्ठ्यांवर. गजाननच्या बाजूचा पडदा मात्र वर गुंडाळलेलाच राहिला, कारण त्याला थुंकायचं होतं.

आत जळकट वास येत होता. मी विचारलं तर गजानन म्हणाला, "जीप हाये ताई, अत्तर थोडीच मारलं हाये."

धामणखेड

धामणखेड सेलू तालुक्यातलं, नाल्याकाठचं लहान गाव. तिथे आमच्या कामाला अगदी न जुळणारी गोष्ट घडली होती. गावातले एक कुणबी शेतकरी, नारायणराव, यांनी गावालगतच्या आपल्या शेतातली विहीर वस्तीतल्या बौद्ध घरांना उघडी करून दिली होती. गावातल्या वरच्या आळीतल्या बायका आधीपासून तिथेच भरत, कारण पाणी गोड. वस्तीतल्या बायका येऊ लागल्यावर त्या आठ दिवस रुसल्या, मग उन्हाने गावातली विहीर खारट झाली तशा मुकाट परत आल्या. मी पोचले तेव्हा एकाच काठावर दोन्हीकडच्या घागरी होत्या. दोर एकमेकींच्या हातात देणं चाललं होतं.

मी हे पाहिलं आणि पहिला विचार आला, ग्रामपंचायतीची निवडणूक कधी आहे?

नारायणराव म्हणजे सुपारीसारखा टणक, थोडा बुटका माणूस, बोलायला कंजूष. मी सरळ विचारलं, "तुम्ही हे का केलं?"

"विहिरीत पानी होतं," ते म्हणाले.

"आणि निवडणुकीला उभे राहणार?"

"मले बोलताच येत नाई जी. उभा राहून काय करू?"

वस्तीतल्या कौसल्याबाई घागर कमरेवर घेऊन ऐकत होत्या. मी त्यांना म्हटलं, तुम्हांला याबद्दल काय वाटतं? माझी अपेक्षा होती की त्या नारायणरावांचे आभार मानतील, आणि मग मी आभारांवर एक परिच्छेद लिहीन. त्या म्हणाल्या, "पानी त्यायचं थोडीच हाये बाई, जमिनीचं हाये. त्यायनं फक्त फाटक उघडलं. पन उघडलं, हे खरं." आणि निघून गेल्या. त्या वाक्यावर मी आजवर पत्रक लिहू शकलेले नाही.

नारायणरावांच्या घरी जेवण झालं. ज्वारीची भाकरी, पातोडीची भाजी, आमरस आणि तळलेल्या कुरड्या. पातोडी म्हणजे बेसनाच्या वड्या, आणि वरचा लाल रस्सा इतका झणझणीत की विमलबाईंनी माझ्याकडे पाहून पदराने तोंड झाकलं. "सांगलीची मिरची कमी पडली वाटतं," त्या म्हणाल्या. मी त्या विहिरीचं पाणी तांब्यावर तांब्या प्याले. विमलबाईही प्यायल्या. गजानन मात्र जेवला, पण पाणी स्वतःच्या छागलीतलंच प्याला. छागल म्हणजे जाड कापडाची पाण्याची पिशवी, जीपच्या बाजूला लटकलेली. "घरचं पानी सोडून दुसरं सोसत नाई मले," तो म्हणाला.

दुपारी आम्ही पुढच्या गावाला निघालो. पडदे बंद, गजाननचा उघडा. पुढच्या गावापर्यंत पोचलोच नाही. अर्ध्या वाटेत विमलबाई म्हणाल्या, डोकं फुटतंय. मग त्यांचं बोलणं अडखळायला लागलं. मग जीप थांबवा म्हणेपर्यंत त्या ओकल्या. माझ्याही कानशिलात घण पडत होते. गजानन ठणठणीत. आम्ही मागे फिरलो.

नारायणरावांच्या ओसरीवर विमलबाईंना निजवलं. अर्धं गाव जमलं आणि अर्ध्या गावाने एकच निदान केलं, "ऊन लागलं." कुणी कांदा फोडून तळपायाला चोळला, कुणी कैरीचं पन्हं आणलं. घटकाभरात विमलबाई उठून बसल्या. पण माझं डोकं आता वेगळ्याच दिशेने चालू लागलं होतं. ऊन तिघांनाही सारखंच लागलं होतं. जेवण तिघांचंही एकच होतं. मग फरक कुठे? विहिरीचं पाणी आम्ही दोघी प्यालो, गजानन प्याला नाही. आजारी आम्ही दोघी, गजानन नाही.

इतकं स्वच्छ गणित मला कधी सुटलं नव्हतं.

मला वाटलं, कुणीतरी विहिरीत काही टाकलंय. वस्तीला विहीर उघडी झाली हे ज्यांना सहन झालं नाही, त्यांनीच. गावात धर्माजी नावाचे एक वयस्क गृहस्थ होते. विहीर उघडायला त्यांचाच मोठा विरोध होता, असं विमलबाईंनी सांगितलं होतं. तेही गर्दीत उभे होते, पांढरं धोतर, हात मागे बांधलेले. मी ओसरीवरून उठले, विहिरीवर गेले, काठावर चढले आणि वस्तीच्या बाजूने लढते आहे अशा आवेशात मोठ्याने म्हणाले, "या विहिरीच्या पाण्यात काहीतरी आहे! तपासणी झाल्याशिवाय कुणीही इथलं पाणी पिऊ नका!"

एका बाईने भरलेली घागर तिथेच उपडी केली.

धर्माजी पुढे आले. माझी समजूत होती की ते भांडतील. ते गावाकडे वळून शांतपणे म्हणाले, "ताई शिकलेल्या हायेत. सांगलीहून आल्या. त्या म्हनतेत तं असन काहीतरी."

चोर कसा साळसूद बोलतो पाहा, असं मला वाटलं. त्यांनी माझ्याकडून काय उचललं ते मला तेव्हा कळलं नाही.

मी बाटलीत पाण्याचा नमुना घेतला, बूच घट्ट लावलं आणि विमलबाईंना जीपमध्ये घालून सेलूला निघाले. वाटेत त्या पुन्हा ओकल्या. विष पोटात उतरलंय, मी म्हटलं.

सेलू

सेलूच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विमलबाईंना सलाईन लावलं आणि "ऊन" असं लिहिलं. मी बाटली पुढे केली. ते म्हणाले, पाण्याची तपासणी नागपूरला होते, आठ-दहा दिवस लागतील. मी विचारलं, धामणखेडचे धर्माजी तुमच्या ओळखीचे आहेत का? त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि नर्सला म्हणाले, "ह्यांनाही जरा लिंबूपाणी द्या."

दुसरा दिवस विमलबाईंच्या विश्रांतीत गेला. दुपारी गजानन जीप घेऊन वासुदेव मिस्त्रीकडे गेला, कारण आवाज आता फार वाढला होता. मीही गेले. पहिल्या मेकॅनिकचा अनुभव होता ना. वासुदेव मिस्त्री पूर्वी कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्यात इंजिनावर होते, आता झाडाखाली पत्र्याची शेड टाकून गाड्या दुरुस्त करत. त्यांनी बॉनेट उघडलं नाही, इंजिनावर नुसता तळहात धरला आणि म्हणाले, "आता नाई पाहत. गाडी ठेवून जा. सकाळी, थंडी असताना येजो."

"थंडी असताना का? आत्ता काय झालं?"

"आत्ता थे खोटं बोलन. गरम इंजिन अन् जेवलेला मानूस, दोघंबी तक्रार करत नाई."

म्हणजे रात्रभर जीप याच्या ताब्यात. सकाळी धामणखेडला पोचून, विहीर सोडून आता नाल्यावर पाण्याला जावं लागणाऱ्या बायकांची नोंद करायची, तर जीप इथे अडकणार. हे कुणाच्या सोयीचं आहे? मी विचारलं, "तुम्ही मूळचे कुठले?"

"इथलाच. काऊन?"

"धामणखेडला नातेवाईक?"

"सासू हाये. थिले बी जीप ठिक करता येत नाई," मिस्त्री म्हणाले, आणि गजानन इतका हसला की खर्रा घशात गेला.

सकाळी सहाला मी तिथे हजर. विमलबाईही आल्या, त्यांना आता बरं होतं. मिस्त्रींनी बॉनेट उघडून ठेवलं होतं. गजाननने किल्ली फिरवली. टक् टक् टक् टक्. मिस्त्रींनी रबरी नळीचं एक टोक कानाला लावलं आणि दुसरं इंजिनाच्या बाजूने हळूहळू फिरवलं, डॉक्टर छाती तपासतो तसं. टॅपेटच्या झाकणावर नळी नेली, मान हलवली, नाही. मग खाली, जिथून इंजिनाचा धूर ओतीव नळ्यांतून बाहेर पडून मागच्या सायलेन्सरकडे जातो, त्या जोडावर आणली आणि थांबले. मला बोलावलं, नळी माझ्या कानाला लावली. आत कुणीतरी दातांवर जीभ मारत होतं.

"गजानन, मांगं जाऊन धुराच्या नळीवर चिंधी दाबून धर."

गजाननने ओली चिंधी दाबली. मागची वाट बंद होताच पुढचा टकटकाट दुप्पट झाला. मिस्त्री म्हणाले, "हात धरा इथं. चटका बसाच्या आत काढा." मी जोडाजवळ हात धरला. प्रत्येक टक्‌बरोबर एक फुंकर लागत होती. तिथल्या पत्र्यावर काजळीचा पिसारा उमटला होता. एक बोल्ट तुटलेला, मधलं पॅकिंग जळून गेलेलं.

"हा धूर मांगं जात नाई. इथूनच निघते," मिस्त्री म्हणाले. "लोखंड गरम झालं का फुगते, फट थोडी मिटते, आवाज चूप. फट मिटली म्हनजे धूर थांबला असं नाई. अन् थे पाहा." त्यांनी पुढच्या सीटसमोर, पायाजवळच्या पत्र्याला पडलेलं मुठीएवढं भोक दाखवलं. "इथून सरळ आत."

मग ते कपड्याला हात पुसत उभे राहिले आणि त्यांनी मला असा एक प्रश्न विचारला, जो मी कुणालाच विचारला नव्हता.

"कोन कुठं बसलं होतं?"

मी सांगितलं. विमलबाई पुढे. मी मागे.

"पडदे?"

"बंद."

"अन् गजाननचा?"

गजाननने स्वतःच उत्तर दिलं. "माहा उघडा असते. मले थुका लागते."

"जिनिंगात इंजिनाची खोली होती," मिस्त्री म्हणाले. "हिवाळ्यात दार लावून बसलेला मानूस असाच ओकत बाहेर ये. बाहेर बसवला का बरा होय. बाईंले ओसरीवर बरं वाटलं का नाई? अन् पुन्हा गाडीत घातलं तवा?"

विमलबाई माझ्याकडे पाहत नव्हत्या. हे मला जास्त लागलं. मी गाडीच्या पायरीवर बसले. पाणी, छागल, तांब्या, माझं स्वच्छ गणित. त्या गणितात पडदा नव्हता.

मिस्त्रींनी तुटलेला बोल्ट काढून नवा घातला, जाड ताव कापून नवं पॅकिंग बसवलं, भोकावर पत्रा ठोकला. दहा वाजता त्यांनी पुन्हा नळी लावली. आवाज नव्हता. "आता थंडी होऊ द्या, मंग पुन्हा पाहतो," ते म्हणाले, आणि यावेळी मी तासभर तिथेच बसले. गार इंजिनातही टकटक नव्हती.

पुन्हा धामणखेड

पडदे वर गुंडाळून आम्ही निघालो. झळा सोसत, डोळ्यांत धूळ घेत. मी मनात दुरुस्तीचं पत्रक तयार करत होते. मथळासुद्धा ठरला होता.

नाल्याच्या पुलाशी गजाननने जीप हळू केली. कोरड्या नाल्यातून पाणी वाहत होतं. मे महिन्यात. गढूळ, रुंद, वाळूत मुरत जाणारं.

नारायणरावांच्या शेतात डिझेल पंप धडधडत होता. विहिरीचा तळ दिसत होता. चिखलात गुडघाभर उतरून नारायणराव आणि वस्तीतली चार माणसं गाळ भरत होती, पायऱ्यांवर उभ्या बायका घमेली वर देत होत्या. दोन दिवस त्यांनी विहीर उपसली होती.

मी काठावरून ओरडले, "थांबवा! पाणी चांगलं होतं!"

नारायणरावांनी वर पाहिलं. "तुमीच म्हनलं ना पान्यात काहीतरी हाये म्हनून. मंग उपसल्याशिवाय लोकाइले कसं प्या म्हनू? बैलाइले बी नाई पाजलं मी. सारं नाल्यात सोडलं."

लोक जमले. मी सवयीने सुरुवात केली, "बंधू आणि भगिनींनो..."

"भाषन नको," कौसल्याबाई म्हणाल्या. त्यांच्या हातांना कोपरापर्यंत गाळ लागला होता. "काय झालतं थेवढं सांग."

मी सांगितलं. "पाणी चांगलं होतं. आमची जीप खराब होती. धूर आत येत होता, त्याने आम्हांला मळमळलं. मी तपास न करता बोलले. चूक माझी."

पंप बंद झाला होता. पुन्हा झरे भरायला किती दिवस, मी विचारलं. चार लागतील, सहा लागतील, मृगापर्यंतही लागतील, असं निरनिराळं सांगितलं गेलं. तोवर वस्तीतल्या बायका नाल्याच्या वाळूत खड्डे करून वाटीने पाणी काढणार होत्या, जसं फाटक उघडण्याआधी काढत.

वरच्या आळीतली एकही बाई तिथे नव्हती. मला ते उशिरा दिसलं. मी धर्माजींच्या घरी गेले. त्यांनी खाट टाकून बसायला दिलं, गूळ पुढे केला. मी सगळं पुन्हा सांगितलं आणि विनंती केली, विहीर भरली की तुमच्या घरच्या बायकांना पाठवा.

"तुमी खरं सांगाले परत आल्या, हे चांगलं केलं," धर्माजी म्हणाले. अगदी आदराने. "पन ताई, एकदा मनात आलं का जात नाई ना. आमच्या बाया आता म्हनतेत, त्या पान्याले वास येते. मी काय करू? मी तं त्यायले मना केलं नाई. मना तुमीच केलं."

मी जन्मात इतका खोटा माणूस पाहिला नव्हता, आणि त्याचं एकही वाक्य खोडता येत नव्हतं.

विहिरीवर परत आले तेव्हा विमलबाई पदर खोचून पायरीवर घमेली देत होत्या. मी कौसल्याबाईंना धर्माजींचं म्हणणं सांगितलं आणि मूर्खासारखी पुढे म्हणाले, "नाही आल्या तर नाही आल्या. निदान तुम्हांला पाणी पुरेल."

त्यांनी हातातलं घमेलं खाली ठेवलं.

"पानी आमाले नाल्यात बी भेटते, बाई. वाटीनं भेटते, पन भेटते. इथं संगं भेटत होतं."

त्या खाली वळल्या. मी चपला काठावर काढल्या आणि पायऱ्या उतरले. कुणी माझ्याकडे घमेलं दिलं नाही. तळाशी एक रिकामं पडलं होतं, ते उचललं.